वारा अडवला तेव्हा

आक्काला मी निपाणीहून बेळगावला आणलं, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी माझं कौतुक केलं होतं. ते मी ऐकूनही घेतलं होतं.

दाजी गेल्यावर ती निपाणीच्या घरात एकटीच राहायची. दाजी तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. मूलबाळ नव्हतं. घर दोन खोल्यांचं, मागं परसात एक पेरूचं झाड. आक्का माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठी. आमचे वडगावात कापड विणायचे माग होते आणि आई दिवसभर त्यातच, म्हणून मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं आक्कानं केलं. अशा बहिणीला साठीनंतर परगावी एकटं ठेवणं मला बरं दिसेना. 'दिसेना' हा शब्द मी आता मुद्दाम लिहितोय. तेव्हा मी 'वाटेना' म्हणायचो.

"तू म्हणतोस तर येते," एवढंच ती म्हणाली. तो मी होकार समजलो.

तिची एकच अट होती. एक आड एक रविवारी तिला निपाणीला न्यायचं. घर झाडायचं, शेजारणीला भेटायचं, संध्याकाळी परत यायचं. मला ते बरंच पडलं. कारण त्याच सुमारास मी लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली होती आणि ती चालवायला निमित्त पाहिजेच होतं. मुलगी शिकून बेंगळुरात नोकरीला लागली होती, मच्छे गावातल्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो, आणि पन्नाशीत माणसाला जो काही चाळा लागतो तो मला मोटरसायकलीचा लागला. बायको म्हणायची, "बाकीचे लोक या वयात गुडघ्याचं तेल घेतात."

पहिल्या खेपेला आक्का लुगड्यावर, एका अंगाला बसून आली. काकती गाव सोडलं आणि वाऱ्यानं तिचा पदर असा काही फडफडायला लागला की मागून येणारा ट्रकवाला हॉर्न देऊन खुणा करू लागला. दुसऱ्या खेपेला ती स्वतःच माझ्या बायकोचा पंजाबी ड्रेस घालून तयार होती. दोन्हीकडं पाय टाकून बसली. निपाणीत शिरण्याआधी एका पेट्रोल पंपावर मला थांबायला लावलं, आत जाऊन लुगडं नेसून आली आणि म्हणाली, "आता गल्लीत हळू घे." त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच. कानांत गोड्या तेलात भिजवलेला कापूस, वर हेल्मेट, उजवा हात माझ्या खांद्यावर.

वाऱ्याचा त्रास मला पहिल्या दिवसापासून होता. गाडीला कंपनीची एक बुटकी काच होती. साठपर्यंत सगळं ठीक. त्याच्या पुढं काटा गेला की हेल्मेटला कुणीतरी दोन्ही बाजूंनी थपडा मारतंय असं व्हायचं. नजर हलायची, पुढच्या गाडीचा नंबर वाचता यायचा नाही. तवंदीचा घाट उतरून निपाणीत पोचलो की मान लाकडासारखी झालेली असायची. आणि आवाज तर विचारू नका. आक्का मागून काहीतरी बोलतेय एवढं मला कळायचं, कारण तिची हनुवटी अधूनमधून पाठीला लागायची; पण शब्द एकही नाही. मी एकदा गाडी बाजूला घेऊन विचारलं होतं, "काय गं, काय म्हणतीस?"

"काय न्हाय. चल," ती म्हणाली.

मला वाटलं, देवाचं काही म्हणत असेल.

कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस त्रास सहन करत नाही, त्याचं कारण शोधतो. मी आधी चाचपडतच गेलो. हळू गाडी चालवत काचेच्या वर तळहात धरला आणि वर-खाली करून पाहिला. हात एका ठिकाणी शांत राहायचा, आणि बोटभर वर नेला की थरथरायचा. तेव्हा लक्षात आलं की सरळ छातीवर येणारा वारा छळत नाही. छळतो तो काचेच्या कडेवर फुटलेला वारा. काचेच्या मागं पोकळी तयार होते, ती भरायला वरचा वारा खाली वळतो, आणि नेमकं त्याच्या वाटेत आपलं डोकं असतं.

मग मी पाटी रंगवणाऱ्याच्या दुकानातून अ‍ॅक्रिलिकची जाड शीट आणली, कापली, गरम हवेच्या गनने कड वाकवली आणि उंच काच बसवली. काय सांगू, माझं डोकं एकदम शांत झालं. नव्वदला गाडी जात होती आणि मी स्वतःशी पुटपुटलेलं मला ऐकू येत होतं. मी खूश.

त्या दिवशी निपाणीत उतरताना आक्कानं मान धरली. "दुखतंय का?" म्हटलं. "न्हाय रं, उगंच." पुढच्या खेपेला तिनं उतरल्यावर थोडा वेळ पायरीवर बसून घेतलं. तरी मला कळलं नाही. बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं. "आक्का रात्री मानेला शेक घेतात. तुमची काच झाल्यापासून."

माझ्या डोक्यावरचा वारा मी उचलून तिच्या डोक्यावर टाकला होता, आणि दोन खेपा मी शीळ घालत गाडी चालवली होती.

मला लाज वाटली. वडगावच्या चुलतभावाकडून मी मागावरची तुटकी रंगीत सुतं आणली. त्यांचे वीतभर तुकडे करून काचेच्या कडेला, माझ्या खांद्यावर आणि आक्काच्या हेल्मेटला चिकटपट्टीनं लावले. वारा कुठं कसा वळतो ते सूत फडफडताना दिसतं. मी आरशातून मागं बघायचो. तिच्या डोक्यावर लाल-हिरव्या सुतांचा नुसता धिंगाणा चाललेला. हत्तरगीच्या टोलनाक्यावरची पोरं हसायला लागली. आक्का म्हणाली, "हसू देत. लग्नात बाशिंग बांधलं तवाबी हसलेच हुते."

सुतांनी सांगितलं तसं मी करत गेलो. काच थोडी उतरवली, मागं झुकवली, आणि तिच्या खालच्या बाजूला मुद्दाम तीन बोटं फट ठेवली. त्या फटीतून आत आलेला वारा मागची पोकळी भरून टाकतो, मग वरच्याला खाली वळायचं कारण उरत नाही. टाकीच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे छोटे पत्रे लावले, मागच्या माणसाच्या गुडघ्यावर येणारा झोत बाहेर फेकण्यासाठी. एका रविवारी संकेश्वरच्या अलीकडच्या मोकळ्या रस्त्याला मी आरशात बघितलं तर आक्काच्या हेल्मेटवरची सुतं शहाण्या पोरांसारखी मागं आडवी पडली होती. एकही हलत नव्हतं.

मी मनात म्हटलं, जमलं.

आणि तेव्हा मागून आवाज आला.

"आन् तुला वाटतं, मी मजेत हाय."

मला वाटलं ती माझ्याशी बोलतेय. ती माझ्याशीच बोलत होती. पण मी ऐकावं म्हणून नव्हे.

"सकाळी उठावं तर तुझ्या बायकूचा सैपाक झालेला. चांगली हाय ती, मी न्हाय म्हणत न्हाय. पण मी करू काय? हात मांडीवर ठिऊन बसू? पाव्हणी हाय का मी? पाव्हणी तरी चार दिसांनी जाती."

आवाज मोठा होता, जवळजवळ ओरडल्यासारखा. तिच्या कानांत कापूस. वाऱ्याची गडबड थांबलीय हे तिला कळायला मार्गच नव्हता. ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती, म्हणजे इतके दिवस वाऱ्याच्या वर काढत होती त्या आवाजात.

मला आमचं वडगावचं घर आठवलं. माग चालू असले की घरात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. आक्का लग्नाआधी सुताच्या कांड्या भरायला मागाशेजारी बसायची आणि तिचे ओठ सारखे हलत असायचे. आई म्हणायची, पोरगी गाणी म्हणते. एकदा मी तिच्या तोंडाला कान लावला, तर ती आत्याला शिव्या घालत होती. मला बघून हसली आणि म्हणाली, "मागाला सांगतीया. माग कुणाला सांगत न्हाय."

आता मागाच्या जागी मी होतो. माझी पाठ.

त्याच वेळी गाडी बाजूला घेऊन मला सांगता आलं असतं, 'आक्का, मला ऐकू येतंय.' सोपं होतं. मी सांगितलं नाही. पहिल्यांदा वाटलं, ती ओशाळेल. घाट उतरेपर्यंत वाटलं, परत जाताना सांगू. परतताना ती पुन्हा बोलायला लागली आणि मला पुढचं ऐकायचं होतं.

हे असं किती महिने चाललं ते मी मोजलेलं नाही. पाऊस येऊन गेला, उसाच्या गाड्या सुरू झाल्या, हायवेचं रुंदीकरण एका गावातून दुसऱ्या गावात सरकलं. दर खेपेला काकती मागं पडली की ती सुरू व्हायची. सगळं तक्रारीचंच होतं असं नाही. कधी भाजीवाल्याची गंमत, कधी दाजींनी एकदा भर बाजारात तिला चप्पल घेऊन दिली आणि दुकानदारासमोर स्वतः खाली बसून तिच्या पायात घातली, ती गोष्ट. ही मला कधीच ठाऊक नव्हती. मला दाजी म्हणजे जेवताना न बोलणारे गृहस्थ एवढेच माहीत.

पण बरंचसं मला उद्देशून असायचं. "तुला सांगते," अशी सुरुवात करायची. "तुला सांगते, माझ्या खोलीची खिडकी मच्छरासाठी खिळे मारून बंद केलीस, मला रातभर गुदमरतंय." "तुला सांगते, टीव्हीवर तुमच्या बातम्या लागतात, माझी ती कन्नड मालिका ऱ्हाती. निपाणीत शेजारीण आन् मी दोघी बघायचो."

मी त्यावर काय केलं ते सांगतो. त्या सोमवारी खिडकीचे खिळे काढले आणि जाळी बसवली. रात्री आठ वाजता रिमोट तिच्या हातात दिला. बायकोला म्हटलं, "भाकरी आक्काला करू दे."

बायकोनं माझ्याकडं निरखून बघितलं. "तुम्हाला कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणेल? मला वाटलं."

आक्का तर हरखून गेली. जाळीला हात लावून म्हणाली, "तुला कसं रं कळलं?"

"कळतं," मी म्हणालो.

पुढच्या खेपेला निपाणीत शेजारीण मला मुद्दाम बोलावून म्हणाली, "तुमची आक्का म्हणती, माझा भाऊ मनातलं वळखतो. असा भाऊ कुणाला मिळत न्हाय बघा." मी त्या बाईच्या हातचा चहा प्यालो.

खरी गोष्ट त्याच्या आधीच सुरू झाली होती. निपाणीचं घर एका ओळखीच्या माणसाला पाहिजे होतं. मी एका कामाच्या दिवशी रजा टाकून एकटाच गेलो आणि त्याला घर दाखवलं. मागचं दार उघडलं, परस दाखवलं. "बहीण आता आमच्याकडंच असते," असं मी त्याला म्हणालो. आक्काला सांगितलं नव्हतं. सगळं जुळून आलं की सांगू, असं ठरवलं होतं. तिच्या नावावरचं घर, आणि ठरवलं मी.

एका रविवारी परतताना, संकेश्वरच्या पुलावर, मागून आवाज आला. त्या दिवशी तो मोठा नव्हता. मला जेमतेम ऐकू आला.

"घर दाखवलंस म्हणं कुणाला तरी. शेजारणीनं बघितलं. पेरूच्या झाडाखाली हुबं ऱ्हाऊन बोलत हुता म्हणं." पूल मागं पडला. "इचारलं असतंस तर मी कदाचित न्हाय म्हटलं नसतं. पण इचारायचं रं. एकदा तरी, मला ऱ्हायचंय कुठं, ते इचारायचं."

खांद्यावरचा तिचा हात तसाच होता. सैल झाला नाही की घट्टही.

घरी पोचल्यावर तिनं नेहमीसारखं हेल्मेट काढून दिलं, कानातला कापूस काढला आणि म्हणाली, "दमलास व्हय? तोंड उतरलंय."

"ऊन," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला फोन करून थांबायला सांगितलं. नाही म्हटलं नाही, थांबायला सांगितलं. आणि आक्काशी तो विषय काढला नाही. कसा काढणार? तुला हे कुठून कळलं, असं तिनं विचारलं असतं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं असं की तिचं बोलणं माझ्या कानांवर आलंय हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि जोवर कुणाला माहीत नाही तोवर मला काहीच करायची गरज नव्हती. खिडकी उघडणं सोपं होतं. हे सोपं नव्हतं.

फुटलं ते अगदी फालतू गोष्टीवरून.

थंडीचे दिवस होते. कणगला गाव मागं टाकून आम्ही घाटाकडं निघालो होतो. आक्का रंगात होती. मी लहानपणी सूत रंगवायच्या टबात पडलो होतो, ती गोष्ट माझ्या पाठीला सांगत होती. "कंबरेपतोर रंगलास. आईनं दगडानं घासलं तरी निघंना. शाळेत पोरं चिडवत हुती. पिवळा रंग हुता का रं तो? पिवळाच. का..."

"हिरवा," मी म्हणालो.

मोठ्यानं म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

खांद्यावरचा हात उचलला गेला. मी आरशात पाहिलं. तिनं हेल्मेटखाली बोट घालून एका कानातला कापूस काढला होता आणि हात तसाच कानाजवळ धरून ती ऐकत होती. रस्ता, इंजिन, टायरचा आवाज. किती कमी आवाज होता, ते तिला तेव्हा कळलं असणार.

घाटभर ती बोलली नाही. पेट्रोल पंपावर मी सवयीनं गाडी हळू केली, तर म्हणाली, "नगं. तसंच चल." पंजाबी ड्रेसवरच ती गल्लीत उतरली.

कुलूप काढलं, घर झाडलं, माठ धुतला. मी ओट्यावर बसून राहिलो. मग तिनं शेजारणीकडून दूध आणून चहा केला आणि कप माझ्यासमोर ठेवून समोर बसली.

"कवापासनं?"

"आजच," मी म्हणालो. "आज जरा वारा कमी होता."

ती माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी खोटं बोललो की अशीच बघायची, मारायची नाही.

"आन् खिडकी?"

मी समोरचा कप जवळ ओढला.

"भाकरी? मालिका?"

"आक्का, तुला वाईट वाटेल म्हणून मी..."

"मला कशाचं वाईट वाटायचं? मी बोलले ते काय खोटं हुतं?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ऐकलंस त्याचं काय न्हाय रं. भाऊच हाईस. पण ऐकलंस त्यातलं सोपं सोपं तेवढं केलंस. घराचं ऐकलं न्हवतंस?"

"ऐकलं होतं."

"मग?"

चहावर साय धरली. शेजारच्या घरातून विड्या वळणाऱ्या बायकांचं बोलणं येत होतं, मध्येच कुणीतरी कन्नडात हसून काही म्हणालं. आक्कानं कप उचलला आणि आत नेऊन धुतला.

मग दारात येऊन म्हणाली, "मी आज येत न्हाय."

"अगं, इथं काय आहे? गॅस संपत आलाय, पीठ नाही, अंथरूण..."

"पीठ मिळतं निपाणीत."

"लोक काय म्हणतील?"

हे मी म्हणालो. मला ते शब्द अजून ऐकू येतात, माझ्याच आवाजात. आक्का त्यावर चक्क हसली. "बघ, आता कसं खरं बोललास."

मी एकटाच परत निघालो. मागची सीट रिकामी असली की त्या काचेमागं आणखी शांत वाटतं. एवढी शांत गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. संकेश्वरला चहाला थांबलो, न पिताच निघालो.

घरी बायकोनं दार उघडलं, माझ्या मागं बघितलं आणि म्हणाली, "राहिल्या का? बरं झालं."

मी तिला सगळं सांगितलं. ती पाटावर बसून शेंगा सोलत होती. सोलायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, "मला त्यांनी आल्यानंतर महिन्याभरातच सांगितलं होतं, मन लागत नाही म्हणून. वर म्हणाल्या, त्याला सांगू नको, त्याला वाटेल मी उपकार विसरले. मी तुम्हाला आडून किती वेळा सुचवलं. तुम्ही काचा कापत होता."

मग एकदम माझ्याकडं बघितलं. "आणि भाकरीचं मला वाटलं, तुमच्या मनानंच सुचलं. मला बरं वाटलं होतं."

तिचंही बरं वाटणं मी असं काढून घेतलं.

त्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. आक्काचं सामान टेम्पोनं पोचवलं: ट्रंक, गादी, तिच्या खोलीतला पंखा. तो पंखा मी काढत होतो तेव्हा बायको म्हणाली, "जाळीही काढून न्या, तिथं मच्छर जास्त." मी नेली आणि निपाणीच्या खिडकीला बसवली. आक्कानं स्टूल धरलं. आम्ही मापाबद्दल बोललो, खिळ्यांबद्दल बोललो, दुसरं काही नाही.

आता ती तिथंच असते. सणाला एसटीनं येते, चार दिवस राहते, भाकऱ्या करते, जाते. मी एक आड एक रविवारी निपाणीला जातो. ती मला आता तोंडावर बोलते. नळ गळतोय ते बघ. पोट सुटलंय, भात कमी कर. बायकोला एवढं कामाला लावू नकोस. सगळं खरं असतं, आणि मी लगेच करतो. पण दाजींनी चप्पल घालून दिल्याची गोष्ट तिनं मला समोर बसून कधी सांगितली नाही. तिच्या लेखी ती तिनं मला सांगितलेलीच नाही. मला ती माहीत आहे, आणि मी ती माहीत नसल्यासारखा तिच्यासमोर बसतो.

गेल्या महिन्यात तिचे डोळे तपासायला कोल्हापूरला न्यायचं होतं. म्हटलं, एसटीनं जाऊ. ती म्हणाली, "गाडी हाय की. बसते." दाजी गेल्यापासून पेटीत पडलेली एक शाल काढून डोक्याला गुंडाळली, वर हेल्मेट. हात खांद्यावर आला. कागलपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. मी आरशात बघितलं. ती उसाच्या शेतांकडं बघत होती, ओठ मिटलेले.

मला वाटलं, हीच वेळ. समोरासमोर मला जमत नव्हतं ते तिच्याकडं पाठ करून जमेल. तीही माझ्या पाठीलाच सांगायची. मी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. "आक्का, घर मी त्या माणसाला का दाखवलं ते तुला सांगतो. मला भीती वाटत होती. तू तिकडं आजारी पडलीस, कुणाच्या लक्षात आलं नाही, तर लोक मला बोलतील याची. तुझी काळजी नंतर, आधी ती. आणि ऐकू आल्यावर मी गप्प बसलो, कारण गप्प बसणं मला सोयीचं..."

"म्होरं बघून चालव," मागून आवाज आला.

मी म्होरं बघून चालवली.

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. बाकावर आम्ही शेजारी बसलो. तिच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, ती डोळे मिटून होती. बऱ्याच वेळानं तसंच डोळे मिटून म्हणाली, "मगाशी काय सांगत हुतास? शाल हुती कानावर. अर्धंच आलं."

कुठलं अर्धं, हे मी विचारायला हवं होतं. आजूबाजूला माणसं होती, समोर नर्स नावं पुकारत होती.

"काही नाही," मी म्हणालो. "रस्त्याचं काम कधी संपणार, ते म्हणत होतो."

"व्हय," आक्का म्हणाली. तिनं चाचपडत माझा हात शोधला, आणि नाव पुकारल्यावर तो धरूनच उठली.